गाठीतली बाजरी

"सूनबाई, भुंग्याला भाकरी टाकून वळवायला जाशील तर फसशील," शेजारचे तात्याबा म्हणाले होते. "वस्तीवरचं कुत्रं हाय ते. चोरानं भाकरीत औषध घातलं तर? म्हणून बानूनं पिल्लापासनं शिकवलंय त्याला. परक्यानं टाकल्यालं उचलंल, पर ती 'खा' म्हणल्याबिगर दात लावायचं न्हाई."

ज्ञानेश्वरी हसली होती. "तात्या, बानूमावशी गेल्यात दौंडला लेकीकडं. पोटात आग पडली की कसली आलीय शिकवण!"

"बरं बाई. शिकल्याली माणसं तुम्ही."

बानूबाईंच्या पुढच्या दाराला कुलूप लागलं आणि भुंग्या बिथरला. इनामगावातून नदीकडं जाणाऱ्या पाणंदीवर त्यांचं एकच घर. संध्याकाळी पोरीला फिरवायला तोच रस्ता बरा, बाकी सगळीकडं उसाच्या ट्रॉल्या. ज्ञानेश्वरीच्या कडेवर दीड वर्षाची राजनंदिनी असायची आणि हातातल्या पट्ट्याला चिमी, कापसाच्या बोंडाएवढी पांढरी कुत्री.

पहिल्या दिवशी भुंग्या आडवा आला तेव्हा तिनं चिमीलाही उचललं. पळायचं नाही, कुत्र्याच्या डोळ्याला डोळा द्यायचा नाही, हे तिनं मोबाईलवर वाचलं होतं. ती हळूहळू मागं सरली. भुंग्यानं तिची ओढणी दातात धरली आणि बानूबाईंच्या घराकडं ओढली. ओढणी फाटली तशी ती रडकुंडीला येऊन घरी आली.

दुसऱ्या दिवशी तिनं छत्री उघडून मध्ये धरली. त्यानं छत्रीच्या चिंध्या केल्या.

तिसऱ्या दिवशी मात्र तिनं भाकरी नेली. नुसती टाकली तर तुकडे होतात, म्हणून राजनंदिनीच्या जुन्या दुपट्याच्या तुकड्यात बांधली आणि लांब भिरकावली. भुंग्यानं भुंकणं थांबवलं. पुरचुंडी उचलली आणि घराला वळसा घालून मागच्या बाजूला दिसेनासा झाला.

रस्ता मोकळा. दुसऱ्या दिवशी तिनं तात्याबांना मुद्दाम सांगितलं, "खातो की हो तुमचा भुंग्या."

"खाताना बघितलंस व्हय?" तात्याबांनी विचारलं. तिनं मान उडवली.

त्याच सकाळी तिच्या घराच्या फाटकापाशी दुपट्याचा तुकडा पडलेला होता. ओला, लाळेनं भरलेला. एका टोकाला गाठ. तिनं सोडली. आत बाजरीचे पाच दाणे होते.

तिच्या सासूबाई कुशाबाईंनी बघितलं आणि हातातलं काम थांबवलं. त्या शेजारणीची वाटी परत करायला निघाल्या होत्या, रिकामी द्यायची नसते म्हणून तिच्यात गुळाचा खडा ठेवत होत्या.

"आधी टाक ते. कुणीतरी करणी धाडतंय आपल्यावर."

"आत्या, या जमान्यात?"

"करणीला जमाना नसतो गं."

ज्ञानेश्वरीनं दाणे झटकले आणि तुकडा गरम पाण्यात बुडवला. पण रात्री तिनं राजनंदिनीच्या कानामागं काजळाचा ठिपका जरा मोठाच लावला.

रोज संध्याकाळी भाकरी. रोज सकाळी फाटकापाशी फडकं. पाच दाण्यांचे तीन झाले. पुढं दोन. गाठही सैल होत गेली, मारणाऱ्याच्या बोटांत जोर नसावा तशी. सहाव्या सकाळी एकच दाणा होता. एक म्हणजे काय, हे तिनं सासूबाईंना विचारलं नाही. दोघींनी एकदम राजनंदिनीकडं बघितलं.

त्या संध्याकाळी, नेमकी तीच, ती भाकरी विसरली.

भुंग्यानं तिचे दोन्ही हात हुंगले. मग तो चिमीवर धावला. चिमीचा कान फाटला आणि राजनंदिनीच्या पिवळ्या फ्रॉकवर रक्त उडालं. पोरगी रात्रभर दचकून उठत होती.

"आज कुत्रीचा कान, उद्या पोरीचा गळा," ज्ञानेश्वरी म्हणाली. कुशाबाई स्वतःच उठल्या आणि गोठ्यातून घुशीच्या औषधाची पुडी आणून चुलीपाशी ठेवली.

दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीनं भाकरी थापली. वर तूप जास्त लावलं, औषधाचा वास यायला नको म्हणून. फडक्यात बांधली. पोरीला आणि चिमीला घरी ठेवून एकटीच गेली. भुंग्यानं पुरचुंडी उचलली. आज तो जरा थांबला, तिच्याकडं बघून शेपूट हलवली, आणि मागच्या बाजूला गेला.

सकाळी फाटकापाशी फडकं नव्हतं.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. राजनंदिनीला डोस द्यायला दौंडला न्यायचं होतं. सातची जीप गाठायला ती बाहेर पडली आणि जागीच थांबली. फाटकाबाहेर भुंग्या उभा होता. धडधाकट, डोळे तरतरीत. तिच्या हातांकडं बघत होता.

औषध जुनं असेल, तिनं स्वतःला समजावलं. जीपमध्ये तेच घोकत बसली.

दौंडला दवाखान्याच्या रांगेत मागून खांद्यावर हात पडला. बानूबाईंची लेक, सविता.

"अगं ज्ञानू! डोस व्हय? बाई, केवढी झाली ही. आन् आई कशी हाय माझी?"

"मावशी? त्या तर तुमच्याकडंच..."

"छ्या! सोमवारच्या गाडीनं येती म्हणली, आलीच न्हाई. दहा-बारा दिवस झालं, फोन बंद. काढणीत अडकली आसंल. वैताग आणती बघ."

ज्ञानेश्वरीनं घरी फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली. कुशाबाई शेतात गेल्या असणार. तात्याबांकडं फोनच नव्हता. सविता काहीतरी विचारत होती, रांग पुढं सरकत होती, राजनंदिनी तिची ओढणी ओढत होती. तिनं गावाच्या ग्रुपवर लिहिलं:

"हे जे कुणी वाचतंय त्यांनी हातातलं काम टाकून बानूमावशींच्या घरी जा. कुलूप पुढच्या दारालाच आहे, मागच्या दारानं आत जाऊन बघा; मावशी दौंडला गेल्याच नाहीत, आतच पडल्या असतील. भुंग्या अडवणार नाही. आणि मावशींनी कालची भाकरी अजून खाल्ली नसेल, तर ती त्यांच्या हातातून काढून घ्या."