चार थेंब

"जुनं मशीन पुसून बंद करा आणि इथे सही करा," हॉस्पिटलचे संचालक डॉक्टर आरामायोंनी कागद निल्दासमोर सरकवला. "दोन मिनिटांचं काम आहे."

कागदावर लिहिलं होतं: संगणक विभागाच्या निष्काळजीपणामुळे ईमेलचं नवं मशीन जळालं. हॉस्पिटलच्या संगणक विभागात निल्दा कोल्के एकटीच होती. सही केली की नोकरी गेली, हे सांगायला वकील लागत नव्हता.

मशीन मंगळवारी जळालं. कार्निव्हलच्या मंगळवारी ओरुरो शहरात जे जे पोटाला देतं त्याची ‘चाल्या’ म्हणजे पूजा करतात, घर असो की गाडी, त्याला बिअर शिंपडतात. निल्दाही करते. पण चार थेंब, तेही पायाशी, जमिनीवर. संचालकसाहेबांनी बाटली सरळ मशीनच्या डोक्यावर उपडी केली. तेव्हापासून येणारी पत्रं कोठीतलं जुनं मशीन घेऊन ठेवत होतं. घ्यायची आणि सांभाळायची, एवढंच त्याला जमायचं. वाटायचं काम नव्याचं. ते आज, शुक्रवारी सकाळी दुरुस्त होऊन आलं होतं.

"जुन्यावर तीन दिवसांची पत्रं पडलीत, डॉक्टर. ती नव्यावर घेतल्याशिवाय पुसू कशी?"

"सणाच्या शुभेच्छा असतील हो. पुसा."

"ला पासहून रक्ताचे रिपोर्ट आलेत."

"परत मागवू! एकदा सांगितलेलं कळत नाही का तुम्हाला?"

एवढी घाई कशाची, ते जुन्यावर अडकलेल्या पत्रांची यादी पाहिल्यावर कळलं. मंगळवार, दुपारी पावणेदोन. पाठवणारे, डॉक्टर आरामायो. कुणाला, सर्व कर्मचारी. विषय, आपल्या नव्या मशीनची चाल्या. सोबत एक फोटो. मशीन मेलंय हे कळायच्या आधीच साहेबांनी मिरवून घेतलं होतं.

निल्दाच्या डोक्यात तिडीक गेली. स्वतःची अब्रू झाकायला हा माणूस आजारी लोकांचे रिपोर्ट कचऱ्यात टाकायला निघाला होता, आणि वर खापर तिच्या माथ्यावर!

"करते," ती म्हणाली आणि तिने बटण दाबलं. पुसायचं नाही, पाठवायचं. पडद्यावर पत्रं भराभर नव्या मशीनवर सरकू लागली.

"हे काय चाललंय?"

"माझं काम. निष्काळजीपणा नको, नाही का?"

डॉक्टरांनी तारेला हात घातला, तोवर बाहेर बाकावरचे, टेबलांवरचे फोन एकामागोमाग वाजायला लागले होते. प्रयोगशाळेतली म्हातारी दोन्या कासिल्दा चष्मा वर करत दारात आली.

"रिपोर्ट आले ग बाई एकदाचे! आणि डॉक्टर, तुमचा फोटो काय झकास आलाय! बाटली पार उपडी." तिने फोन डोळ्यांजवळ नेला. "पण मागे ही निल्दा दोन्ही हात वर करून कशाला धावतेय हो?"

निल्दाने टेबलावरचा कागद फिरवून सहीची जागा डॉक्टरांच्या बाजूला केली आणि पेन त्यावर आपटलं.