गाळलेला गिअर

कागद बॉनेटवर पसरला होता आणि तो उडू नये म्हणून मुनीम वासुदेवरावांनी त्यावर आपला पानाचा डबा ठेवला होता.

"वाच आन् कर सही," ते म्हणाले.

तेजरामने वाचले. मग पुन्हा वाचले. आपलेच नाव परक्या हस्ताक्षरात भेटावे तसे. ‘मी, ड्रायव्हर तेजराम, गिअर गाळून गाडी चालवतो. त्यामुळे मालकांच्या अँबॅसडरचा रिव्हर्स गिअर तुटला, हे मला मान्य आहे. उद्यापासून मी गिरणीत हमालीचे काम करीन.’

कोंढ्याच्या धानगिरणीच्या आवारात अधिक महिन्यातले ऊन तापत पडले होते. गाडी भिंतीकडे नाक करून, मध्ये जेमतेम माणूस शिरेल एवढी जागा सोडून उभी होती. ती तशी उभी केली होती मालकांच्या जावयाने. धोंड्याचे जेवण आणि वाण घ्यायला तो नागपूरहून आला होता. काल त्याने चावी मागितली, आणि अधिक महिन्यात जावयाला नाही म्हणणारे घर उभ्या तालुक्यात नव्हते. तळ्याच्या पाळीवरून उतरताना, पहिला गिअर शोधता शोधता, त्याने चालत्या गाडीला रिव्हर्स घातला. लोखंडाने लोखंड चावल्याचा तो आवाज तेजरामने पाळीखाली उभे राहून ऐकला. सबंध गिरणीने ऐकला. तरीही सकाळपासून जो तो असा वावरत होता, जणू काल गावात काही वाजलेच नव्हते.

टिनाच्या सावलीत गिरणीमालक मारोतराव बसले होते. शेजारच्या खुर्चीवर जावई, हातात सरबताचा ग्लास.

"सांग भैय्यालाल," मारोतराव पवनीहून आलेल्या मिस्त्रीला म्हणाले, "दुसऱ्यातून सीधा चौथा टाकला तं गाडीचं नुकसान होते का नाही?"

भैय्यालाल चिंधीने हात पुसू लागला. "होते जी... रोज रोज केलं तं."

याच भैय्यालालने सकाळी गाडीखालून डोके काढून तेजरामला हळूच सांगितले होते, "रिव्हर्सचे दात गेले. गाडी पुढं जाऊन राहिली असताना टाकला कोनीतरी." आता हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी चिंधी थांबत नव्हती.

अकरा वर्षे हे इंजिन तेजरामच्या पायाच्या तळव्याशी बोलत आले होते. पवनीच्या घाटाची उतरण लागली, की ते स्वतःच वेग धरी आणि दुसऱ्यातून चौथा असा पडे, जसा पिकला आंबा गवतावर. समोर बैलबंडी आली, की वेग मरू द्यायचा आणि चौथ्यातून दुसरा. गाडीने कधी हूं म्हणून तक्रार केली नव्हती. तक्रार आज माणसे करत होती; तिच्या नावाने.

"गाळतो मी, मालक," तो म्हणाला. "तिसरा गाळतो. उतरणीले त्याचं काम नसते म्हणून गाळतो. चारी गिअर शाबूत आहेत, भैय्यालालनं सकाळी जॅकवर पाह्यले. मेला तो रिव्हर्स. तिसरा गाळल्यानं रिव्हर्स कसा मरन?"

"मंग कोनं मारला?" मारोतरावांनी अगदी शांतपणे विचारले.

कणी पाखडणाऱ्या गिरजाबाईचे सूप हवेतच थांबले. जावयाने सरबताच्या ग्लासात पाहिले. अधिक महिन्यात ते नाव ओठांवर आणायचे नव्हते, आणि मारोतरावांना ते ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी विचारले होते.

"ते तुमाले मालूम आहे," तेजराम म्हणाला.

मारोतराव हसले. "पाह्यलं का, वासुदेवराव? बुद्धाची दीक्षा घेतल्यापासून यायच्या मोहल्ल्याले एकएक पायरी चढनं माहीतच नाही. सीधे माडीवर."

वासुदेवराव हसले. भैय्यालालही, चिंधीत तोंड घालून.

तेजरामने पानाचा डबा उचलून वासुदेवरावांच्या हातात दिला. कागदाची घडी घालून तो सदऱ्याच्या खिशात ठेवला. सही न करता. चावी बॉनेटवर ठेवली.

"हमाली करीन मी, मालक. त्याची लाज नाही. पन या कागदावर सही करनार नाही."

"नको करू," मारोतराव उठले. "भैय्यालाल, गाडी तुझ्या गॅरेजात ने. अन् जवाईबापूले पवनीच्या मोटारस्टँडवर सोड, चारची गाडी आहे."

"मीच चालवतो ना, मामाजी," जावई म्हणाला आणि स्टिअरिंगवर बसला.

तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले, की गाडीचे नाक भिंतीकडे आहे आणि मागे जाणे तिला उरलेले नाही. हमाल जेवायला गेले होते. वासुदेवरावांनी उजवा दिवा धरला, भैय्यालालने डावा. गाडी हलली नाही. जावयाला खाली उतर म्हणायचे नव्हते. मारोतरावांनी एकदा तेजरामकडे पाहिले. तेजरामचे हात खाली होते. मग मारोतरावांनी धोतराचा सोगा खोचला आणि तापलेल्या बॉनेटला छाती लावली.

गाडी वीतवीत मागे सरकू लागली. भिंतीपासून चांगली दूर आली, तेव्हा जावयाने इंजिन सुरू केले आणि खिडकीतून डोके बाहेर काढले.

"तेजराम, आता कोणता टाकू?"

गिरजाबाईचे सूप पुन्हा थांबले. बॉनेटवर वाकलेल्या तिघांपैकी कुणीच मान वर केली नाही.

"पयला टाका, जवाईबापू," तेजराम म्हणाला. "मंग दुसरा, मंग तिसरा. एक बी गाळू नका. मालकानं लिहून ठेवलं आहे."