निळं पाणी

"मागचं अंगण झाकून तुम्ही किचन वाढवलंत, मग ड्रेनेजची लाइन गेली कुठे?" नेरुळचं ते रो-हाऊस माझ्या नवऱ्याला, प्रसादला, बघताक्षणी आवडलं होतं, पण नवी लादी दिसली की मला संशय येतो. "लादीखालून जाते. कधी तुंबली नाही," घरमालक नंदकिशोरकाका म्हणाले. विकणारा असंच म्हणणार. घर बघायला जाताना मी पर्समध्ये निळीची बाटली ठेवते. बादलीभर पाण्यात अर्धी बाटली कालवून ती मोरीत ओतायला मी प्रसादला सांगितलं आणि काकांबरोबर मागच्या गल्लीत जाऊन चेंबरचं झाकण सरकवलं. पाणी येईचना. काका माझ्याकडे बघायचं टाळू लागले. मग खाली एक निळी धार दिसली आणि बघता बघता चेंबर निळंशार झालं. "लाइन क्लिअर आहे, काका!" मी म्हटलं, पण काका चेंबरपाशी उकिडवे बसले होते. "तळोज्याच्या कंपनीत मला पांढरा युनिफॉर्म होता," ते म्हणाले. "आमची ही त्याला इतकी नीळ घालायची की शर्ट आकाशी व्हायचे. मी चिडायचो. तेव्हा इथे उघडं गटार होतं. निळं पाणी आलं की गल्लीतल्या बायका म्हणायच्या, वहिनींचं धुणं झालं. ती गेली, तेव्हापासून माझे कपडे लाँड्रीत जातात." एव्हाना पाणी पुन्हा मळकट होऊ लागलं होतं. मी आत हाक मारली, "प्रसाद, उरलेली नीळपण ओत." "का गं? आलं नाही का पाणी?" "आलं. तरी ओत."