निर्दोष यंत्र

राजपुऱ्यात नुकतेच ई-मेल केंद्र थाटलेल्या श्रीकांतच्या कानी ती वार्ता आली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जैनाबादच्या गोदाबाई गावभर सांगत होत्या, की त्याच्या यंत्रातून अमेरिकेला पत्र जाते खरे, परंतु तिकडचे उत्तर काही परत येऊ शकत नाही. अशाने गिऱ्हाईक पायरी तरी चढेल काय?

पुढल्या बाजाराच्या दिवशी गोदाबाई मुलाच्या उत्तराची चौकशी करावयास आल्या, तेव्हा त्याने त्यांना सर्वांदेखत संगणकासमोर बसविले.

"मावशी, तुमच्या हेमराजला पत्र धाडलं तेव्हा परतीचा जो पत्ता टाकला होता ना, तोच टाकून इंदूरच्या माझ्या साडूला पत्र धाडतो. आता बघाच!"

चहा संपण्यापूर्वीच साडूचे उत्तर पडद्यावर उमटले. जमलेल्या मंडळींनी टाळ्या पिटल्या.

"अब बोलो मौसी, किसकी मशीन खराब है?" कोणीतरी टोमणा हाणला.

श्रीकांतने विजयी मुद्रेने मान वळविली. गोदाबाई पडद्याकडे पाहतच नव्हत्या. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत त्या खाली बघत होत्या.

"चांगलं हाय भाऊ तुझं मशीन. मले पहिल्यापासून ठाऊक होतं."

श्रीकांतला मेल्याहून मेल्यासारखे झाले. इतरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने त्या त्याच्याकडे किंचित झुकल्या.

"पण आता पोराचं उत्तर काबरं येत नाही असं लोकायनं इचारलं, तं काय सांगू?"