सेफ्टी पिन

वाशीच्या नव्या एटीएमसमोर अभिरामने कार्ड पुन्हा पाकिटात ठेवलं. सकाळी तो अमेरिकेहून उतरला, तोवर आई गेली होती. बिलाची रक्कम रोख भरल्याशिवाय हॉस्पिटल तिला ताब्यात देणार नव्हतं. "परदेशी कार्डावर एका वेळी थोडेच पैसे निघतात आणि दर वेळी फी कापतात," तो धाकट्या बहिणीला म्हणाला. "सोमवारी बँक उघडली की डॉलर बदलून घेतो." "तोवर आईला शवागारात ठेवायचं?" "अगं, आईलाच हे पटलं नसतं. तिने कधी एक रुपया उगाच घालवला नाही." बहिणीने नर्सकडून मिळालेली पिशवी उघडून आईच्या चपला त्याच्यापुढे धरल्या. एकीचा अंगठा तुटला होता, तिथे सेफ्टी पिन लावली होती. "परवा छातीत कळा येत असताना आई सानपाड्याहून हॉस्पिटलपर्यंत चालत आली, दादा," ती म्हणाली. "शेअर रिक्षाचे वीस रुपये वाचवले तिने."