उरलेला वेळ

ऊसतोडीहून परतलेले बाबा भरदुपारी खाटेवर आडवे झाले. “तुजं चालू दे पंकू, मी जरा पडतो,” म्हणाले आणि लगेच घोरायला लागले.

मी शेजारीच लॅपटॉपवर माझ्या प्रोग्रामचा वेग मोजत होते. तेच काम पुन्हा पुन्हा चालायचं, दर वेळचा निकाल फाइलमध्ये जायचा आणि काळ्या पडद्यावरची पट्टी एक घर पुढं सरकायची.

पट्टी सरकत होती ती बाबांच्या श्वासाबरोबर. एक श्वास, एक घर.

योगायोग म्हणून सोडून देणारी मी नाही. खात्री करायला मी मोजणी मध्येच बंद केली.

घोरणं थांबलं. छातीही हलेना.

मी लगेच मोजणी परत सुरू केली. बाबांनी खोल श्वास ओढला. या वेळी काम किती वेळा चालवायचं, तो आकडाच मी घातला नव्हता. मी थांबवेपर्यंत ते चालणार होतं, आणि मी थांबवणार नव्हते.

आई दारातून म्हणाली, “च्या झालाय, उठव की तुज्या बाबाला.”

“न्हाई आये. हात लावू नको त्यान्ला. आन् ह्या वायरीलाबी.”

मी पडद्यावरची नजर हलवली नाही.

मोजणीला शेवटच दिलेला नसला, की उरलेला वेळ दाखवता येत नाही. पट्टीच्या टोकाची ती जागा कोरीच राहते.

तिथं आता आकडे दिसत होते, आणि ते उतरत होते.