शेंडेफळाचा वाटा

आईच्या पश्चात तिच्या वस्तूंची निवड ज्येष्ठतेच्या क्रमाने व्हावी, असे ठरले: प्रथम थोरला, मग मधला आणि अखेरीस धाकटी बहीण. त्याआधी धाकटीने आपणहून त्या वस्तू उजळायला घेतल्या. बोटाच्या टोकावर सोनेरी मेण घेऊन तिने ते तसबिरींच्या चौकटींवर, मेजावरच्या दिव्याच्या खांबावर आणि घड्याळाच्या नक्षीवर चोळले, व झळाळी येईतो मऊ फडक्याने पुसले.

भाऊ आले आणि पाहतच राहिले.

"अगं, हे तर भंगार होतं!" असे म्हणत थोरल्याने घड्याळ काखोटीला मारले. मधल्याने चौकटी उचलल्या. दिवाही सोडला नाही.

उरला तो आईचा रोजच्या वापरातला, काळवंडलेला हातआरसा.

"याला का नाही लावलंस?" मधल्याने विचारले.

"मेण संपलं रे."

"शेंडेफळाच्या नशिबी नेहमी खरवडच," थोरला हळहळला. "वाईट वाटून घेऊ नकोस हं."

"नाही वाटून घेत," असे म्हणून तिने आईच्या बोटांनी दांडा झिजलेला तो आरसा रुमालात गुंडाळला आणि पिशवीत, मेणाच्या न उघडलेल्या दुसऱ्या डबीशेजारी, जपून ठेवला.